नलूच्या प्लेअरचा नंबर

प्रिय नलू,

दादाच्या हातचं पत्र बघून आधी तुझ्या छातीत धस्स होईल. घाबरू नकोस, इथे सगळे ठीक आहोत. परवा रविवारी फोनवर तू सहज म्हणालीस, तळघर आवरायला काढलंय, तो जुना डीव्हीडी प्लेअर ध्रुव शनिवारी टाकून येणार आहे. आणि वर हसत म्हणालीस, "अप्पांनी नंबर तेवढा लिहून घेतला, डिस्क काही शेवटपर्यंत पाठवली नाही." तुझ्याबरोबर मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गेलं नाही. प्लेअर टाकू नकोस, असा मेसेज म्हणूनच केला होता. का, ते मेसेजमध्ये मावणारं नव्हतं.

ध्रुव चार महिन्यांचा होता, आठवतं? तुझा तिकडचा पहिला हिवाळा. दिवसभर मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही, जुनी नाटकं असतील तर पाठवा, असं तू रडवेल्या आवाजात म्हणाली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा टोपी घालून काळबादेवीला निमेशच्या सीडी-डीव्हीडीच्या दुकानात हजर. निमेशने त्यांना सांगितलं की इथे घेतलेली डिस्क तिथे चालेलच असं नाही. प्रत्येक भागाच्या डिस्कला रीजनचा वेगळा आकडा असतो, आपला पाच, अमेरिकेचा एक. शिवाय तिकडच्या टीव्हीची चित्राची पद्धतही निराळी. दुसरा कुणी असता तर नाद सोडून घरी आला असता. पण छत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस तो! त्यांनी सगळं खिशातल्या डायरीत उतरवून घेतलं, रविवारी तुला प्लेअर उलटा करायला लावून मागचा नंबर वाचून घेतला, आणि पुढे तीन आठवडे निमेशचं डोकं खाल्लं. शेवटी निमेशने सगळ्या देशांत चालतील अशा सहा डिस्क मिळवून दिल्या. म्हणाला, "काका, अमेरिका सोडा, चंद्रावर पण चालेल."

मग अप्पांनी मांजरपाटाचा तुकडा घेऊन पार्सल स्वतः शिवलं. लाखेचे ठिपके दिले. आत एक कार्ड ठेवलं, तेही स्वतः आखलेलं. मी बाजूला चहा पीत बघत होतो. चित्र दिसले, आवाज आला, मजकूर समजला, अशा तीन ओळी, प्रत्येकीपुढे खुणेसाठी चौकोन, खाली तुझी सही, आणि मागे फणसवाडीचा पत्ता. पाठवलेल्या वस्तूची पोच आल्याशिवाय तिचा विषय काढायचा नाही, हा त्यांचा ऑफिसातला शिरस्ता तुला माहीतच आहे. त्यामुळे फोनवर ते तुला अवाक्षर बोलले नाहीत.

पार्सल टाकायचं काम माझ्याकडे दिलं. पोस्टात गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी कस्टमचा फॉर्म भरून आणायला सांगितलं. मला ऑफिसला उशीर होत होता. उद्या बघू म्हणून घरी आणलं आणि माळ्यावर गणपतीच्या मखरामागे ठेवलं. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "टाकलंस ना?" मी हो म्हणालो. एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण महिनाभराने ते रोज विचारायला लागले, तेव्हा मी सांगितलं की पार्सल पोचलं, पण तिच्या मशीनवर चालत नाही म्हणाली. तू विचारलंस तेव्हा तुला सांगितलं की इथल्या डिस्क तिथे चालत नाहीत, म्हणून अप्पांनी बेत सोडला. तू नुसतं "बरं" म्हणालीस.

आळस हे खरं कारण नाही, नलू. आळस दुसऱ्या दिवशी संपला असता. खरं सांगतो, मला हेवा वाटला. माझ्या चष्म्याचा नंबर अप्पांना कधी माहीत नव्हता, तुझ्या प्लेअरचा नंबर मात्र तोंडपाठ होता. त्यांच्याबरोबर राहणारा मी, पण त्यांची अशी धावपळ माझ्यासाठी कधी झाली नव्हती. पंचेचाळिशीच्या माणसाने असं मनात आणावं याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

अप्पा मात्र डायरी घेऊन पुन्हा निमेशकडे गेले, आपलंच काही उतरवायचं चुकलं का बघायला. परत आले आणि टोपी खुंटीला अडकवताना म्हणाले, "चाललं नाही तर नाही. पण पोच तरी द्यायची पोरीने." त्यानंतर तुझ्याशी फोनवर बोलताना ते आखडतं घ्यायला लागले. हवा कशी आहे, ध्रुव काय करतो, की फोन माझ्या हातात. ते तुझ्यावर रुसले होते, आणि रुसण्याचं कारण मी रचलेलं होतं.

दर गणपतीत मखर काढताना ते पार्सल हाताला लागायचं. मी ते आणखी आत सरकवायचो. चार वर्षांपूर्वी अप्पांच्या तेराव्याला तू त्याच माळ्याखाली बसून मला विचारलंस, "दादा, अप्पा माझ्यावर रागावले होते का रे?" मी म्हणालो, छे, काहीतरीच. वर हात केला असता तर पार्सल हाती आलं असतं. नाही केला.

काल मात्र केला. कस्टमचा फॉर्म भरला, रांगेत उभा राहिलो, पार्सल माझ्या डोळ्यांदेखत आत गेलं. त्याची पावती या पत्राला टाचली आहे, कारण माझ्या शब्दावर आता तू विश्वास ठेवू नयेस. शिवण अप्पांचीच आहे, मी उसवलेली नाही. सोळा वर्षांनंतर त्या डिस्क चालतील की नाही, देव जाणे. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही. पण आतलं कार्ड तेवढं भर. चालल्या नाहीत तर तेही लिही. सही करून अप्पांच्या नावानेच टाक. दारावर त्यांची पाटी अजून आहे. पोस्टमन आला की मी घेईन, आणि त्यांच्या फोटोसमोर उभा राहून मोठ्याने वाचून दाखवीन.

तुझाच म्हणवून घ्यायची हिंमत नसलेला, तरी तुझाच,
हेरंबदादा