तिच्याऐवजी मला

रविवार, २ नोव्हेंबर

कृपावंत पित्या, आजच्या पानावरचा पहिला शब्द तुझा.

जेनिफरची गाठ निरुपद्रवी निघाली. रिपोर्ट तिने हॉस्पिटलमधूनच फोनवर वाचून दाखविला. लेक स्वतः नर्स. अवघड शब्द सफाईने उच्चारले, शेवटच्या ओळीवर मात्र अडखळली. जावई क्रेग ऑफिसमधून म्हणाला, "खलास, पप्पा! टेन्शन खलास."

तीन आठवड्यांनी सुरमईला चव लागली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

खलास कसे म्हणू? करारातील माझी बाजू अजून शिल्लक आहे.

इथे लिहून ठेवतो. नात हॅझेल इथल्या, आखातातल्या सखीरच्या विद्यापीठातून माझ्यासाठी प्राचीन चिनी विचारग्रंथांचा एक जाड संग्रह घेऊन आली होती. त्यात एक कथा — तीन हजार वर्षांपूर्वीची. राजा आजारी पडतो. धाकटा भाऊ मातीच्या तीन वेदी उभारतो आणि तीन पितरांना निवेदन करतो: याच्याऐवजी मला न्या. वर कारणही देतो — मी अधिक गुणी आहे, परलोकात तुमची सेवा मीच नीट करीन. लेखनिक ते निवेदन मोठ्याने वाचतो. मग ते धातूने जखडलेल्या पेटीत बंद होते आणि ज्यांना हे ठाऊक असते त्यांना मौनाची आज्ञा होते. दुसऱ्या दिवशी राजा बरा.

त्या लोकांची विधीवरची निष्ठा पाहून मी भारावलो. आणि जेनिफरची गाठ कळली त्याच दिवशी तसाच कागद लिहिला. 'प्रभो, तिच्याऐवजी मला. तिला गाता येत नाही. मला लॅटिन स्तोत्रे पाठ आहेत. स्वर्गात माझाच उपयोग अधिक.' मोठ्याने वाचला. बिस्किटांच्या डब्यात ठेवला.

आता ती वाचली आहे. म्हणजे मी?

मृत्यूचे भय नाही. आनंदच अधिक आहे. तरी सकाळी जिना उतरताना कठडा घट्ट धरला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

क्रेग म्हणाला, "पप्पा, तुमचा व्हिसा मंथ-एंडला संपतोय, एक्स्टेंड करू ना?" म्हणालो, राहू दे, गरज पडणार नाही. तो जेनिफरकडे पाहत राहिला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चर्चमध्ये मिस्सेपूर्वी पापनिवेदन केले. फादर लान्सी आमच्या वसईचेच. लहानपणी माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बसत. सारे ऐकून म्हणाले, "सर, नवसाबद्दल तुम्ही आम्हाला काय शिकवलं होतं?"

"देव सौदा करीत नाही."

"मग?"

"फादर, तेव्हा मुलगी दुसऱ्यांची असे."

ते हसले. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "ती बरी आहे, कारण गाठ साधी होती. तुम्ही कुणाचं काही देणं लागत नाही. प्रायश्चित्त एवढंच — कागद तिला दाखवा."

ईसा टाउनला घरी पोचेपर्यंत गाडीत गुणगुणत आलो. हॅझेल म्हणाली, "ग्रँडपा, यू आर इन अ गुड मूड." क्रेगला सांगितले, व्हिसा वाढव, दोन वर्षांचा मिळत असेल तर दोन.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जेनिफर युनिफॉर्मला इस्त्री करीत होती. कागद दिला. उभ्यानेच वाचला. स्तोत्रांच्या ओळीवर हसेल असे वाटले होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे?"

"कुणी नाही."

"उद्या तुम्हाला साधा ताप आला असता, पप्पा, तरी मी काय समजले असते? जन्मभर काय घेऊन जगले असते?"

मी क्षमा मागितली. तिने कागद फाडला, बारीक बारीक. म्हणाली, "तुम्ही दोघं सारखेच."

दोघे म्हणजे कोण, विचारले. ती पुन्हा इस्त्रीकडे वळली.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज जेनिफरने सांगितले. माझ्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिच्या आईने, माझ्या फ्लॉरेन्सने, हीच प्रार्थना केली होती. तिला एकटीला सांगितली आणि शपथ घातली, पप्पांना कळू द्यायचे नाही. मी बरा झालो. आठ महिन्यांनी फ्लॉरेन्स गेली.

सहा वर्षे माझ्या लेकीने हे सांभाळले. सांगून झाल्यावर तिने दोनदा भात वाढून घेतला.

देव सौदा करीत नाही — शुक्रवारी हे मी किती सहज मानले. आज पुन्हा मानायचे आहे, या वेळी फ्लॉरेन्सच्या बाबतीत.

मला, आणि हे पान ज्याच्या हाती येईल त्यालाही, प्रभू तेवढे मानण्याचे बळ देवो.