टेल्चच्या चौकावरचा दोर

थ्रेबिच, ३ जून १९३४

ती. ओतिलीताईस,
धाकट्या व्हेंदेलीनचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या भावजयीचा, हेद्विकाचा, खोकला गेला. घोडा म्हातारा झालाय, पण अजून काश्परइतका जाडा नाही, असं तुझ्या नवऱ्याला मुद्दाम सांग. तोनिचका या महिन्यात सात वर्षांची होईल. पुढचे दोन्ही दात पडलेत, तरी बडबड तसूभर कमी नाही. आत्या कशी दिसते म्हणून सारखी विचारते. मी सांगतो, माझ्यासारखीच, फक्त जास्त रागीट.

चार दिवस जे लिहायचं टाळतोय ते आता लिहितो. जुलैअखेरीस याकुबच्या जत्रेला यंदा टेल्चकरांनी आपला खेळ बोलावलाय. दोर चर्चच्या मनोऱ्यापासून चौक ओलांडून नगरसभागृहाच्या छपरापर्यंत, बाबांनी बांधला होता तसाच. मी होकार कळवला. आपल्या घरात सातव्या वर्षी मूल बापाच्या खांद्यावर बसून दोर ओलांडतं. तू ओलांडलास, मी ओलांडला. तोनिचका तिथे ओलांडेल.

तेरा वर्षं आम्ही तुझ्या गावाला वळसा घालून जातोय. आता पुरे झालं. तुझं घर चौकातच आहे. तू फक्त खाली उभी राहा, एवढंच मागणं.

भाचरांना गोड पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझा व्हेंदेलीन


टेल्च, ११ जून

चि. व्हेंदेलीन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं आणि हातातलं पिठाचं ताट खाली पडलं. काश्परने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कोणी नाही.

येऊ नकोस. तू येशील, खेळ करशील आणि गाडी जुंपून निघून जाशील. मला इथे राहायचंय. अजूनही बाजारात माणसं एकदम गप्प झाली की मी आधी वर बघते. बाबा गेले त्या दिवशीही आधी सगळे असेच गप्प झाले होते. ओरडले नंतर.

तुला एक सांगते. कुणालाच सांगितलेलं नाही. दोर डुलू नये म्हणून खालून ज्या ताणदोऱ्या धरतात, त्यांतली डावीकडची माझ्या हातात होती. मी एकोणीस वर्षांची. कमानीखाली पाववाल्या भटाऱ्याचा पोरगा माझ्याकडे बघून हसत होता आणि मी त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं, देव जाणे. मान वळवली तेव्हा बाबा दगडांवर पडलेले होते. दोरी ढिली पडली असणार, दुसरं काय? त्याच मुलाशी मी लग्न केलं. त्यालासुद्धा हे ठाऊक नाही.

आता तुला कळलं. वाचून झालं की हे जाळ. आणि त्या पोरीला घेऊन माझ्या दारात दोरावर चढू नकोस, तुझ्या पाया पडते.

हेद्विकाला आशीर्वाद. लोभ ठेवच, पण जरा अक्कलही ठेव.

तुझी ओतिलीताई


यिहलावा, २ जुलै

ती. ओतिलीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र जाळलं. तुझं समाधान होईल असं काहीतरी लिहावं म्हणून तीनदा बसलो आणि तीनदा कागद फाडला. मी पंधरा वर्षांचा होतो, मनोऱ्याच्या खिडकीत पाठमोरा बसून बूट बांधत होतो. मी काहीच पाहिलं नाही. तुझी दोरी सुटली की नाही, मला माहीत नाही. तुला खोटं सांगवत नाही.

तू मला सांगितलंस, म्हणून मीही सांगतो. ताई, मला भीती वाटते. गेल्या हिवाळ्यापासून. पहिलं पाऊल टाकताना डावा गुडघा कापतो. हेद्विकाला कळू नये म्हणून मी रुंद विजार शिवून घेतलीय. खाली टाळ्या वाजतात, आणि मला वाटतं, ही माणसं कशाची वाट बघतायत? दोरावर मरणारे सगळे आधी असे घाबरलेलेच असतात, असं बाबा म्हणायचे. म्हणूनच मी टेल्चला येतोय. तिथून पलीकडे गेलो तर भीती सुटेल. नाही गेलो तर मी काय करायचं? मला दुसरं काही येत नाही.

पोरीला खाली ठेवलं, तर मी घाबरलोय हे हेद्विकाला त्याच क्षणी कळेल.

रागावू नकोस. किंवा रागाव, पण खाली उभी राहा.

व्हेंदेलीन


टेल्च, २० जुलै

चि. व्हेंदेलीन यास आशीर्वाद.

जाहिराती लागल्या. आमच्या दुकानाच्या खांबावरही लावली, मी फाडली, तर पोरांनी दुसरी आणून चिकटवली. तीत तोनिचकाचं नाव मोठ्या अक्षरात आहे. त्या नावाकडे बघत मी दिवसभर पाव विकते.

घाबरलेल्या माणसाने एकट्याने पडावं. ज्याचे गुडघे कापतात त्याने खांद्यावर लेकरू घेऊ नये. मी खाली उभी राहणार नाही. जत्रेच्या दिवशी तळघरात पिठाच्या पोत्यांमध्ये बसेन आणि कानांवर एप्रन बांधेन. सगळं संपलं की काश्पर येऊन सांगेल, काय असेल ते.

ओतिली


टेल्च, ३१ जुलै

चि. व्हेंदेलीन यास अनेक आशीर्वाद.

कुठे आहेस तू? काश्पर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या तळावर गेला, तर तिथे नुसती राख आणि घोड्याची लीद. प्लमचे बावन्न गोळे उकडून ठेवले होते मी, ताटं मांडून रात्री दहापर्यंत बसलो. असं कोणी जातं का?

तू रागावलास की काय, कळत नाही. चौकातल्या माणसांसमोर मी तुला गाढव म्हटलं, ते मान्य. पण तळघरात मला काय ऐकू येत होतं, ते तुला माहीत नाही. आधी बँड, मग टाळ्या, मग बँड थांबला. आणि मग काहीच नाही. एप्रन सोडला, तरी काहीच नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. एवढ्या वेळात माणूस एकतर पोचतो नाहीतर पडतो. तिसरं काय असतं? जिना कशी चढले, आठवत नाही.

तू मध्यावर एका गुडघ्यावर टेकलेला. हातात तोलकाठी आणि खांद्यावर ती पांढरा फ्रॉक घातलेली चिमणी. हेद्विका मनोऱ्याच्या खिडकीत, तोंडावर हात ठेवून. डावी ताणदोरी आमच्या गावच्या न्हाव्याच्या हातात, आणि तो बापडा डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. मी त्याला ढकललं आणि दोरी कमरेला वळसा घालून धरली. मग ओरडले. काय ओरडले ते काश्परने नंतर सांगितलं. म्हणे, मी म्हटलं, गाढवा, जेवण गार होतंय, बाबांनी शिकवलं तसा श्वास सोड, आधी उजवा पाय, आणि मी आकडा म्हणेन तेवढंच पाऊल, एक जास्त नाही. एकतीस पावलं मोजली मी. नंतर माझा आवाज बसला, तो अजून बसलेलाच आहे.

तू छपरावर पोचलास तेव्हा मी कमरेची दोरी सोडली. मी दगडावर बसले आणि न्हावी माझ्याकडे बघून रडायला लागला.

पुढचा खेळ बहुतेक दाचित्सेला, म्हणून हे तिथल्या टपालकचेरीत पाठवतेय, दोन ओळी तरी लिही. पोरगी कशी आहे? मला झोप नाही.

तुझी ओतिलीताई


दाचित्से, १९ ऑगस्ट

ती. ओतिलीताईस,
व्हेंदेलीनचा सा. न. वि. वि.

क्षमा कर. रागाने नाही, लाजेने गेलो. खाली उतरल्यावर मला ओकाऱ्या झाल्या. तुझ्या ताटासमोर मला बसवलं नसतं.

आता जे लिहितो ते नीट वाच, आणि हे पत्र जाळू नकोस.

मी मध्यावर आलो, तोवर हवा स्तब्ध होती. आणि एकदम डावीकडून वाऱ्याची जोराची थाप बसली. धाकट्या वेशीच्या बोळातून तळ्यावरचा वारा येतो, तो चौकात इतर कुठेच लागत नाही, बरोबर त्या दहा पावलांवर आदळतो. खाली झाडाचं पान हलत नाही आणि वर दोर पायाखालून सरकतो. मी टेकलो म्हणून वाचलो. बाबांचा एक पाय उचललेला असणार.

मला वाटलं, न्हाव्याने दोरी सैल सोडली. मग तू आलीस. तू कमरेला दोरी वळवून मागे रेललेली मला वरून स्पष्ट दिसत होतीस, आणि तू मोजायला तोंड उघडलंस तेवढ्यात ती थाप पुन्हा आली. ताई, दोर तितकाच सरकला. हातभर. तू धरलेला असताना, जीव खाऊन धरलेला असताना. त्या जागी खालून कोणीही काहीही करू शकत नाही. त्या दिवशी तू काश्परकडे बघितलंस की आकाशाकडे, काही फरक पडला नसता. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. जुलैमध्ये मला माहीत नव्हतं तेव्हा मी माहीत नाही असंच लिहिलं होतं. आता माहीत आहे.

तोनिचका त्या वेळी माझ्या कानात कुजबुजली, हीच का आत्या, आणि ती एवढी का चिडलीय? मी म्हटलं, हीच.

भीती सुटली नाही. उलट हेद्विकाला सगळं कळलं, ती रडली. तिलाही वर्षभर भीती वाटत होती, माझ्यापासून लपवत होती. आम्ही खेळ जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आणलाय. लोक कमी थांबतात. थांबतील तेवढे थांबोत.

एक विनंती आहे. तोनिचकाला शाळेत घालायचंय. सप्टेंबरात तुझ्याकडे पाठवू का? नाही म्हणालीस तरी समजून घेईन.

ओतिलीताई, तुझा हात आमच्यावर असू दे.

व्हेंदेलीन


टेल्च, १६ सप्टेंबर

चि. व्हेंदेलीन व सौ. हेद्विका यांस अनेक आशीर्वाद.

पोरगी सुखरूप पोचली. पहिल्या रात्री रडली, दुसऱ्या रात्री काश्परला पत्त्यांत हरवलं. शाळेत बाई म्हणतात, अक्षर वाईट, हिशेब चांगला.

तुझं पत्र काश्परला वाचून दाखवलं. आधी ते दुसरंही सांगावं लागलं, कमानीखालचं. तो कणीक मळत होता, ती तशीच सोडून माझ्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, तेरा वर्षं त्यालाही वाटत होतं की आपण हसायला नको होतं. अशी माणसं आम्ही, एका छपराखाली.

आता कालची गोष्ट, तुम्ही रागावणार नसाल तर. शाळा सुटली तरी ती आली नाही म्हणून मी बाहेर पाहिलं. चौकातल्या कारंज्याच्या कठड्यावरून ती चालत होती. हात पसरलेले, दप्तर पाठीवर, दगड शेवाळलेला, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला फरशी. कोणी शिकवलेलं नव्हतं ते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ओरडलं की मान वळते. मी धावले नाही. चालत गेले, तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि तिच्याबरोबर पावलं टाकत पुरी फेरी मारली, हात तिच्या हाताखाली, न लावता. ती पुढे बघत होती. मी तिच्या बुटांकडे. इतकी मी तुझ्या वेळीही घाबरले नव्हते.

फेरी संपली तेव्हा ती म्हणाली, आत्या, अजून एक. मी म्हटलं, बरं.

डिसेंबरात मिकुलाशच्या सणाला दोघं या. लोभ आहेच, तो लिहून काय वाढणार?

तुमची ओतिलीताई