रिलीव्हर आल्याशिवाय

बाबा, तुमचा कॉम्प्युटर चालू झाला. सुपेल्यातल्या दुकानदारानं तर हातच वर केले होते. "मॅडम, इसमें अब कुछ नहीं बचा, नया ले लो," म्हणाला, अन् त्या डब्याकडे असं पाहिलं जसं काही मी भंगार उचलून आणलं. मी तो ऑटोत टाकून रिसालीले घरी परत आणला. मले डबा नव्हता पाहिजे, तुमचा आवाज पाहिजे होता. रिटायर झाल्यावर तुम्ही माइक लावून काय काय बोलून ठेवत होते, ते सारं त्याच्यातच अडकून होतं. अन् तुम्ही गेल्यावर आई आताशा भाजी निवडता निवडता म्हणते, "त्यायचा आवाज कसा होता गं, मले आठवूनच नाही राहिला."

तुम्ही आयुष्यभर स्टील प्लांटात कोक ओव्हनले होते, कोळसा भाजून कोक करतात तिथं. तिथल्या भट्ट्यांच्या रांगेले बॅटरी म्हणतात, अन् ती एकदा पेटली की थंडी होऊ द्यायची नसते, नाही तर आतल्या विटा तडकतात, हे मी बाराखडीच्या आधी शिकली. दुसरा कायदा, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. सण असो की पाहुणे, पुढच्या शिफ्टचा माणूस समोर आला, त्याले सारं सांगून झालं, तेव्हाच तुम्ही सायकलीले हात लावत. घरी कॉम्प्युटर आला तर त्यालेही तुम्ही तेच लावलं. ताट वाढलं आहे, आई हाका मारून राहिली आहे, अन् तुम्ही खुर्चीतून मले बोलावता. "ये, बस इथं." "कावून?" "मी जेवून येतो. मशीन चालू आहे." "मंग बंद करा ना." तुम्ही माझ्याकडे असे पाहता की जशी मी तुमची पोरगीच नाही. "चालती भट्टी कोणी बंद करते काय?" अन् उठायच्या आधी सगळं माझ्या हवाली करता. फाइल उघडी आहे, पंखा आवाज करून राहिला, कशाले हात लावू नको. कॉलेजात शिकणारी मी, त्या पडद्याची राखण करत बसली आहे. आई म्हणे, "सुंभ जळला, पण पीळ काही जात नाही."

आता मी शाळेत शिकवते, अन् माझं सारं काम कॉम्प्युटरच्या लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टीमवर चालते. पेपर त्याच्यातच काढते, पोरांचे फोटो त्याच्यातच कापते. सगळ्यात लाडका आहे तो लिहायचा साधा एडिटर, उघडला की काही न विचारता कोरा कागद समोर ठेवते. अन् गाणी-आवाज वाजवणारा एक प्लेअर आहे, त्याले कोणत्याही जमान्यातली फाइल द्या, तोंड वाकडं करत नाही. हे सारं फुकट कसं, म्हणून एक दिवस मी शोधत बसली. बाबा, यातलं एकही कोण्या एकाचं नाही. कोणीतरी कुठल्यातरी देशात सुरू केलं, थकला तेव्हा दुसऱ्याले सांगितलं, हे इतकं झालं, हे राहिलं, आता तू बस. तो बसला. मंग तिसरा. बहुतेकांले ना पगार ना हजेरी, अन् तरी इतकी वर्षं कोणी भट्टी थंडी होऊ दिली नाही. मले वाटे, असा येडा माणूस जगात एकच, अन् तो आपल्या घरी.

आज सकाळी लिनक्सचा पेनड्राइव्ह तुमच्या डब्याले लावला. आतली जुनी सिस्टीम बसली होती, पण पेनड्राइव्हवरचं लिनक्स तिले न उठवता सुरू झालं, अन् मागं तुमचं फोल्डर जसंच्या तसं दिसलं. आईले हाक मारली, ती कणकेच्या हातानंच आली. प्लेअरनं फाइल उघडली. आधी पंख्याची घरघर, मंग तुमचं खाकरणं, अन् मंग तुम्ही. "हां, चालू आहे वाटते. अगं, ऐकून राहिली काय? ये, बस इथं. मी जेवून येतो."

जन्मभर तुमाले हसली आई, त्या खुर्चीले कधी शिवली नाही. आज गेली अन् बसली. कणकेचे हात मांडीवर धरून, फाइल संपली तरी बसून होती. मंग मले म्हणाली, "ये, तू बस. मी पोळ्या टाकून येते."

म्हणून मी बसली आहे, अन् एडिटर उघडून हे लिहून राहिली. तुमचा आवाज माझ्या फोनमध्ये उतरवून घेतला, आता डबा बंद केला तरी चालते. पेनड्राइव्हवरून चालवलेलं लिनक्स बंद केलं की काही लक्षात ठेवत नाही, म्हणून हे पत्रही पुसलं जाईल, मी ते कुठं जपून ठेवलं नाही. जपून तरी पाठवू कुठं? यात विटा नाहीत, तडकणार काहीच नाही, इतकं मले समजते. पण खरं सांगते, बटणाकडे हात जाऊन नाही राहिला. आईनं आताच जेवाले हाक मारली, अन् मी इथूनच म्हटलं, "आधी तू ये, मंग मी उठते."