कानांवरचे तुझे हात

आई, माझ्या दोन्ही कानांच्या पडद्यांना भोकं आहेत हे तुला नव्यानं सांगायला नको. कान फुटला की तू माझ्या उशीवर जुनं धोतर अंथरायचीस. परवा डॉक्टरीणबाईंनी ती भोकं कॅमेऱ्यातून मलाच दाखवली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं दुकान चालवलंत कसं?" म्हटलं, गिऱ्हाइकाचे ओठ बघून! राजाजीनगरात माझ्या बेअरिंगच्या दुकानात माणसं कोपऱ्यात जाऊन कुजबुजतात, "स्वल्प कमी करेल काय हा?" मी गल्ल्यावरूनच सांगतो, "नाही करणार, सर." तिखट कानाचा म्हणून ख्याती आहे माझी.

बाईंनी नीट समजावलं. इतकी जुनी भोकं आपोआप भरत नाहीत. कान कोरडे ठेवून आहे तसं निभवता येईल. ऐकायचं मशीन लावता येईल, पण कान वाहू लागला की ते काढून ठेवायचं. नाहीतर ऑपरेशन: कानामागचं पातळ आवरण काढून पडद्याला ठिगळ लावायचं, आधी एकाच कानाला. ठिगळ धरेलच अशी हमी नाही. धरलं तर त्या कानाला पाण्याची धास्ती संपेल, ऐकूही जरा जास्त येईल. उद्या उत्तर द्यायचंय. तुझी थोरली, अक्का, बनशंकरीहून फोनवर ओरडते, "कर की रे! किती दिवस कापूस कोंबत फिरणार?"

तिला ओरडायचा हक्क आहे, दिवाळीच्या आंघोळीला माझ्यावर पाणी तीच ओतायची. तू दर दिवाळीला माझ्या कानात लसणीचं कोमट तेल घालायचीस. मग त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुला झापलं, "तेलाचा थेंब नको, पाण्याचाही नको!" आणि त्या दिवाळीला मी उटणं लावून पाटावर बसलोय, अक्का तांब्यानं पाणी ओततेय, आणि तू मागून दोन्ही तळव्यांनी माझे कान गच्च दाबून धरलेत. तुझं लुगडं चिंब. तू मागे, म्हणून ओठ दिसत नाहीत. तू काहीतरी बोलतेस आणि अक्का हसत सुटते. मला मिशा फुटल्या तरी तू ते सोडलं नाहीस.

उद्या हो म्हणणार आहे. आजवर टाळलं ते भुलीच्या भीतीनं, असं घरात सांगत आलो. खरं ते तुलाच सांगतो: भोकं बुजली की तुझ्या हातांची जागाच उरणार नाही, म्हणून. तू गेल्यापासून दिवाळीला मी डोक्यावरून पाणीच घेतलेलं नाही. बायको दर वर्षी म्हणते, "मी झाकते की कान." मी मानेखालीच आंघोळ उरकतो. ठिगळ धरलं तर एका कानाचा प्रश्न मिटला, दुसरा उरतोच. नाही धरलं, तर दोन्ही उरतात. या दिवाळीला ते तिला झाकू देईन म्हणतो. चालेल ना तुला?