दादा आणायला गेलाय

रहिमतपूर,
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय प्रशांत,

आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. तुझ्या सासऱ्यांचं, क्रांतीच्या वडिलांचं, कंबरेचं दुखणं कमी आलं का? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि वाकू नका म्हणावं.

ओढ्याकडच्या उसाला मंगळवारी एकदाची तोड मिळाली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या संयोगितावहिनीनं खरवस केला. तुझ्या वाटणीचा चार दिवस फ्रिजमध्ये ठेवला होता, मग शेजारी दिला. पाण्याच्या मोटारीचं स्टार्टर बदललं. तू असतास तर दुरुस्त केलं असतंस, मला ते जमत नाही. तिकडचा द्राक्षाचा माल उतरून झाला असेल. माया बरी आहे, कॉलेजला जाते.

पत्र बघून हसशील. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझा आवाज परेडवरचा होतो, हे मलाच ठाऊक आहे. फौजेत चोवीस वर्षं मी पत्रं लिहीत आलो. समोर माणूस नसला की मला बोलता येतं. पहाटे पाचला बसलोय लिहायला. वर एवढं लिहून झालं तरी अजून गाय आणि मोटारच चाललीय.

माया बरी नाही, प्रशांत. सांगलीच्या त्या दिवसापासून तिनं सायकलीला हात लावलेला नाही. १३ एप्रिलला राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे, ३१ मार्चच्या आत फॉर्म भरायचा आहे, आणि तो कोरा पडलाय. तू तिला फोनवर एकदाच म्हणालास, "आता पप्पा आल्यात घरी, त्यांच्याबरोबर सराव कर," आणि नंतर तिचाही फोन घेतला नाहीस. तिला वाटतं, तिचंच काहीतरी चुकलं. महिनाभर तुझ्यावरून संयोगिताला तेच विचारते, "मी नानाला काय बोलले का गं?"

संयोगिता काय उत्तर देणार? तिला माहीत नव्हतं. तुला आणि मला माहीत होतं.

आधी मागचं लिहितो. माया सायकल शिकली तेव्हा तू मला फोटो पाठवला होतास. मी तेव्हा तवांगला होतो. फोटोत ती सात वर्षांची, दात पडलेले, आणि सीटच्या मागं धरलेला तुझा हात. सगळ्या पलटणीला मी तो दाखवला, पण कडेनं दुमडून. तुझा हात दिसू नये म्हणून. पोरं म्हणाली, "साहेब, कुणी शिकवली?" मी म्हणालो, "सुट्टीवर गेलो होतो तेव्हा मीच." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रिटायर होऊन आलो तेव्हा वाटलं, आता पोरगी माझी होईल. पण तुम्हा दोघांचं सगळं ठरलेलं. पहाटे कोरेगावपर्यंत जाऊन येणं, रस्त्यात खड्डा आला की तुझा हात खाली, मागून ट्रक आला की तिची शिट्टी. तिचं कोपर वाकवून बसणं तुझ्यासारखं, चढाला ओठ चावणं तुझ्यासारखं. आणि तुला ती म्हणते, "ए नाना, तू थांब ना," आणि मला, "अहो पप्पा, तुम्ही जेवलात का?" त्या 'अहो'नं किती जळालो असेन, तुला कल्पना नाही. वर्दीत असताना मला कुणाचा मत्सर वाटला नाही. माझ्यानंतर भरती झालेले सुभेदार झाले, तरी वाटला नाही. घरी आलो आणि सख्ख्या धाकट्या भावाचा वाटला.

वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या काठाकाठानं सायकलनं जायचं, हे तू तिला ती दहावीत असताना कबूल केलं होतंस. तुम्ही फेब्रुवारीतली तारीख काढलीत, तर मी म्हणालो, मीपण येतो. तू एका शब्दानं नको म्हणाला नाहीस. उलट मला पुण्याला नेऊन सायकल निवडून दिलीस, सीटची उंची लावून दिलीस. मला तेही खुपलं.

पहिला दिवस तुला आठवत असेल. वाईच्या घाटावर सकाळचं ऊन, माहुलीला संगमावर आपण केळी खाल्ली. माया तुला देवळांबद्दल विचारत होती, कोणतं कुणी बांधलं, आणि तुला सगळं माहीत होतं. मी दोघांच्या मागं पन्नास हातांवर. आपलं रहिमतपूर मागं टाकल्यावर माझं चाक पंक्चर झालं, तर तू तुझी जादा ट्यूब माझ्या चाकात घातलीस. मी म्हणालो, "तुला लागली तर?" तू म्हणालास, "मला न्हाई लागत, दादा." रात्री मसूरला मुक्काम केला तेव्हा तिनं तुझ्या गुडघ्याला तेल लावलं. मला विचारलं, पण आधी तुला लावलं.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाड मागं टाकलं आणि शेणोलीजवळ तुझं मागचं चाक गेलं. माया पुढं निघून गेली होती. पंप तिच्याकडं, ट्यूब जोडायचं सामान तिच्याकडं, फोटो काढायला म्हणून तुझा फोनही तिच्याकडं. तू रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून ओरडलास, "दादा, तिला थांबव. घिऊन ये मागं!" मी हात वर केला. खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. आणायलाच निघालो होतो.

तीनएक किलोमीटरवर ती सावलीला थांबलेली दिसली. मला एकट्याला बघून म्हणाली, "नाना कुठाय?"

आणि माझ्या तोंडातून आलं, "त्याला वळखीचा माणूस भेटलाय. गप्पा मारत बसलाय. आपल्याला पुढं व्हा म्हणालाय, सांगलीला पुलावर भेटतो म्हणाला."

एवढं सोपं होतं ते. तिनं एकदाही शंका घेतली नाही. मी कधी खोटं बोलत नाही, असं तिला वाटतं.

प्रशांत, पुढचे दोन-अडीच तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे तुला लिहायला लाज वाटते, पण न लिहिता पत्र पुरं होणार नाही. ताकारी सोडल्यावर वारा समोरून यायला लागला. मी मागं पडलो, तशी ती वळून म्हणाली, "पप्पा, तू माझ्या चाकामागं राहा, वारा लागणार नाही." 'तू' म्हणाली मला. तिच्या लक्षातही आलं नसेल. कुंडल, पलूस, दोन्हीकडं द्राक्षाच्या बागा, मांडवाखाली कागदात बांधलेले घड, बायका क्रेट भरत होत्या. एका आजीनं आम्हाला थांबवून ओंजळभर मणी दिले. मायानं अर्धे बाजूला काढले. म्हणाली, "नानाला." पाठीच्या खिशात घालून सांगलीपर्यंत नेले, त्यांचा पार चिखल झाला.

मला वाटलं, तू रस्त्यावर कुणालातरी हात करशील, तासाभरात येशील. असं मी स्वतःला सांगत होतो. आयर्विन पुलावर दीडला पोहोचलो. ती दोनदा म्हणाली, "आपण मागं जाऊया, नानाचा फोन माझ्याकडं हाय." दोन्ही वेळेला मी तिला थांबवलं.

तू साडेतीनला आलास, द्राक्षाच्या क्रेटच्या टेम्पोतून, बूट हातात घेऊन. मायानं विचारलं, "कोण भेटलेलं रे एवढा वेळ?" तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं. आणि तू म्हणालास, "व्हय, भेटलेला एक जण. लय जुना दोस्त."

तिथं तू मला चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू मला पोरीसमोर वाचवलंस, आणि त्याच संध्याकाळी सासरवाडीला निघून गेलास, द्राक्षाचं काम आहे म्हणून. मला काय वाटलं सांगू? सुटका नाही वाटली. राग आला तुझा. इथंही हा माझ्यापेक्षा मोठा ठरला, म्हणून राग आला.

गेल्या सोमवारी मी मोटारसायकल काढून शेणोलीला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. तुझं चाक गेलं तिथं रस्त्यापलीकडं एक रसवंती आहे. बिराप्पा म्हणून म्हातारा चालवतो. मी ग्लासभर रस घेतला आणि विचारलं, महिन्यामागं सायकलवाला कुणी थांबला होता का.

तो म्हणाला, "आवं, त्यो गडी? दीड तास बसलेला हितंच. गावातला पंप आणून दिला तर त्याच्या चाकाला बसंना. मी म्हणलं, टेम्पोत घालून देऊ का तुमाला. तर म्हणला, नगं, दादा माझा आणायला गेलाय. त्यो आला आन् मी दिसलो न्हाई तर घाबरंल."

मी रस तसाच ठेवला.

"मंग उठला," म्हातारा म्हणाला, "म्हणला, दादाला कायतरी झालं असंल, बघाय पायजे. आन् चालत निघाला. त्याच्या बुटाला खाली कायतरी टणक हुतं, चालता येईना. काढून हातात घेतलं. म्होरं रस्त्याचं काम हाय, खडी पसरलीया. तापल्याली. मी हाक मारली, पर त्यो गेलाच."

मला काही झालं असेल म्हणून तू नुसत्या मोज्यांवर त्या खडीवरून चालत आलास. आणि मी तेव्हा पलूसला द्राक्षं खात होतो.

काल दुपारी मी मायाला सांगितलं. गोठ्यात ती कालवडीला पाजत होती. सगळं सांगितलं, फोटो दुमडला ते सोडून. ती कालवडीच्या तोंडात बोट धरून बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी त्याचे मोजे सालीसकट निघाले, पप्पा. मी विचारलं तर म्हणाला, नवीन बूट चावला." आणि उठून गेली. रात्री ताटावर आली नाही. संयोगितानंही माझ्याकडं बघितलं नाही.

आज सकाळी सहाला हवा भरण्याचा आवाज आला म्हणून बाहेर बघितलं. सायकल पुसून अंगणात काढलीय. मी म्हणालो, "मी येतो बरोबर, कऱ्हाडपर्यंत तरी." ती म्हणाली, "नको. तुम्ही नका येऊ." 'तुम्ही' म्हणाली. मग मी विचारलं, एक कागद नेशील का. तिनं मान हलवली, एवढंच.

तर हे पत्र ती घेऊन येतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत वाचलं तर वाचू दे, फोटोचंही कळू दे तिला. फॉर्म तिच्या पिशवीत घातलाय. पालकाची सही हवी होती ती मी केली. त्याखाली सरावासाठी जबाबदार व्यक्ती अशी ओळ आहे, तिथं मी तुझं नाव लिहिलंय. तुला पटत नसेल तर खोड, पण तिच्या तोंडावर खोडू नकोस.

तू घरी ये असं मी म्हणत नाही. तो हक्क मी शेणोलीला घालवला. तू आलास तर मात्र दारातून मी हलणार नाही.

माफी मागतो, प्रशांत. हा शब्द मी घरातल्या कुणाला कधी वापरलेला नाही, त्यामुळं तो कसा लिहितात तेही नीट माहीत नाही.

आणि एक शेवटचं, कारण खोटं पुरे झालं. बाहेर ती हेल्मेटचा पट्टा बांधतेय. महिन्यानं तिच्या तोंडावर थोडं रक्त दिसतंय, तुझ्याकडं यायचं म्हणून. ते बघून आत्ता, या घडीलाही, माझ्या पोटात तसंच पेटलंय. ते विझेल असं वाटत नाही. पण आज मी तिला अडवलं नाही. फाटक मीच उघडून ठेवलंय.

ती पोहोचली की एक फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर वहिनीला कर. मी शेजारी बसलेला असेन.

तुला ज्यानं वाटेत सोडलं, तोच तुझा दादा,
लालासाहेब