शालनबाईकडचं हळदीकुंकू

२० जानेवारी १९७८, शुक्रवार

मला नाही बोलावलं! काल गुरुवारची सुट्टी साधून शालनबाईने घरी हळदीकुंकू केलं. आज कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या अख्ख्या लाइनीच्या डब्यांत तिळगूळ. त्यांची सुपरवायझर मी — जवळ गेले की सगळ्या गप्प!

हे गेल्यापासून मला कुणी बोलावत नाही. सवय झाली. पण सावित्रीबाई गेली होती! बटणं लावणारी सावित्रीबाई — तिचा नवरा तर यांच्याही आधी गेला. ती चालते, आणि मीच तेवढी अपशकुनी? दिवसभर जिवाचा नुसता जळफळाट.

२१ जानेवारी

नानासाहेबांनी केबिनमध्ये विचारलं, "बाई, तोंड का उतरलंय?" मॅनेजरने एवढं मायेने विचारलं, मी बोलून बसले. सावित्रीबाईचंही सांगितलं.

ते हसले नाहीत. "विधवेला हळदीकुंकू? मग हळदीकुंकू नव्हतंच ते. आणखी कोण कोण होतं?"

मी भडाभडा नावं घेतली. शालनबाईचं सगळ्यात आधी. रागच होता ना तिच्यावर.

२४ जानेवारी

शालनबाईला काढलं. कारण काय, तर शिलाई खराब! जर्मनीला जाणाऱ्या शर्टांची कॉलर तिच्यासारखी शिवणारी दुसरी कुणी नाही आमच्याकडे. वॉचमनने गेटबाहेर काढलं तेव्हा ओरडत होती — "युनियन करतोय म्हनून काढलं! शिलाईचं निस्तं निमित्त हाय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हळदीकुंकवात पुरुष डोकावत नाहीत, म्हणून तिथे बैठक. गेल्या वर्षी गेटवर सभा घेतली तर दोघींना त्याच दिवशी घरी बसवलं होतं. बिचाऱ्यांनी एक आडोसा शोधला, तो मी उघडा पाडला. कशासाठी? चिमूटभर कुंकवाच्या मानासाठी! शरम वाटते.

२५ जानेवारी

नानासाहेबांनी कागद पुढे केला — शालनबाईचं काम वाईट होतं, असा. सही केली. माझ्या विलासचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, माझी नोकरी टिकायला हवी. कारण कसं तोंडपाठ आहे माझं!

२८ जानेवारी

लाइनीत एकच कुजबुज — सावित्रीबाईच फुटली. गेल्या शनिवारी ती रजा मागायला ऑफिसात गेली होती, तेवढं पुरलं. आज तिच्याजवळ कुणी डबा उघडला नाही. नळापाशी एकटी बसून जेवली. कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, "घर फिरलं की घराचे वासेही फिरतात."

मी समोरून गेले. तिने मान वर करून "जेवलात का, बाई?" असं विचारलं. मी हो म्हणाले आणि पुढे निघून गेले.

२ फेब्रुवारी

आज सुट्टी. दिघीला शालनबाईकडे गेले. सगळं सांगायचंच, असं ठरवून गेले होते. तर मला बघून तिचे डोळे भरले.

"बाई, तुमी आलात! बाकी कुनी फिरकलं न्हाई. भ्यालीत समदी."

चहा केला. मग म्हणाली, "तुमास्नी बोलवायचं व्हतं, पर सावित्रीमावशी म्हनली, नगं. बाईचं पोरगं शिकतंय, त्यांची नोकरी जायला नगं. आदी आपलं उभं राहू द्या, मग त्यास्नी घिऊ."

आणि म्हणे, "त्याच मावशीनं गळा कापला बगा."

आता तरी बोलायचं की नाही? नाही बोलले! चहा पिऊन, "काळजी घे हो" म्हणून आले. थू माझ्या जिण्यावर.

११ फेब्रुवारी

सावित्रीबाई चार दिवस कामावर नाही. सोडून जातेय म्हणतात.

२१ फेब्रुवारी

लेबर ऑफिसरांनी दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. कंपनीने साक्षीला मला नेलं. समोरच्या बाकावर शालनबाई, लाइनीतल्या बायका, आणि एका टोकाला सावित्रीबाई. ऑफिसरांनी विचारलं, "सही तुमचीच?"

म्हटलं, "सही माझी, मजकूर खोटा. तिला युनियनसाठी काढलं. आणि नावं सावित्रीबाईंनी नाही सांगितली — मी सांगितली."

नानासाहेब चरफडले, पण त्यांना लिहून द्यावंच लागलं. उद्यापासून शालनबाई कामावर. मी नाही.

बाहेर शालनबाईने सावित्रीबाईचे पाय धरले. बाकीच्या रडत होत्या. माझ्याकडे एकीनेही पाहिलं नाही.