अण्णा खुर्चीत बसले तेव्हा

नागपूर,
शनिवार

प्रिय भारत,

बारा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. रोहिणीवहिनीचा लावला तर तो बंदच लागतो. म्हणून शेवटी वही घेऊन बसलो. कारखान्याच्या गेटवरच्या ऑफिसचा पत्ता टाकलाय, वर तुझ्या टोळीचं आणि परमेश्वर मुकादमाचं नाव घातलंय. शिव्या द्यायच्या तर दे, पण पत्र पुरं वाच. आणि आरोहीच्या हातात पडू देऊ नको. तिला समोर दिसंल ते वाचायची सवय आहे.

माझ्या आईनं फोनवर सांगितलं, वहिनी घराला कुलूप लावून आरोहीला घेऊन फडावर गेली. खताच्या रिकाम्या पोत्यात पोरीनं चौथीची सगळी पुस्तकं भरली म्हणं. तिथं आता ती दिवसभर टोळीतली बारकी लेकरं सांभाळती, तुम्ही दोघं ऊस तोडता. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुला आठवतंय, पाचवीत आपण दोघं असंच फडावर गेलतो. परत आलो तोवर सर भागाकार संपवून पुढं गेलते. तू दोन महिने मागच्या बाकावर बसून बघितलंस, मी तेवढंही बसलो नाही. तिथून जे निसटलो ते आजपर्यंत कुठंच टिकलो नाही. चाकणची कंपनी सात महिने, सुरतला चार, मग हॉटेल, मग टेम्पो. अण्णांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून दीड वर्ष झालं, हेच माझं सगळ्यात जास्त.

आणि म्हणूनच मी तुला छाती ठोकून म्हणालो होतो, पोरीला नेऊ नको. यंदा मागं राहणाऱ्या लेकरांचं शाळेतलं हंगामी वसतिगृह लागलं नाही, मंजुरी कुठं अडकली कुणालाच ठाऊक नाही, सतरा लेकरांचा प्रश्न होता. मी म्हणालो, थोडं थांब, अण्णा विधानसभेत विषय काढणारेत, एकदा सभागृहात मंत्र्यानं उत्तर दिलं की आठ दिवसांत वसतिगृहाची चूल पेटती. तू ऐकलंस. वहिनीला आरोहीसाठी मागं ठेवलंस आणि एकटा गेलास. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तू अर्धाच कोयता म्हणून टोळीनं तुला काय काय ऐकवलं असंल ते मला इथं बसून ऐकू येतं. अंगदच्या शब्दावर बायको घरी ठेवली, अंगद काय मंत्री हाय का बे, असंच ना?

खरं सांगू, मला या अण्णांचा लई राग यायचा. अजूनही येतो. आपल्याला वाटायचं, पाच वेळा निवडून आलेला माणूस, उत्तरेश्वरअण्णा म्हटलं की तालुका हलतो, तर हा माणूस सभागृहात नुसता गरजत असंल. मी दीड वर्षात एकदाही गरजताना बघितलं नाही. गाडीत नियमांचं पुस्तक. पानापानाला दोरे लावलेले. कुठल्या नियमाखाली काय मांडता येतं, कुणी कधी उठायचं, हरकत आली तर काय करायचं, हेच. मी एकदा म्हणालो, अण्णा, एकदा टेबलावर हात आपटा की, गावाकडं व्हिडिओ फिरंल. ते म्हणाले, हात आपटणाऱ्याचं भाषण छापून येतं, पण मंत्र्याला उत्तर द्यावं लागत नाही. मला ते पटलं नाही. आपल्याला व्हिडिओ पाहिजे होता.

मग त्यांना तालिका अध्यक्ष केलं. म्हणजे मोठे अध्यक्ष उठून गेले की त्यांच्या खुर्चीत बसून सभागृह चालवायचं. तू नाचलास त्या दिवशी. युसूफ वडगावच्या चौकात जेसीबीच्या सोंडेतून फुलं उधळली आपण, तुझ्या शर्टाची दोन बटणं तुटली. सगळे म्हणत होते, आता आपला माणूस वर बसला, आता कोण अडवतंय. अण्णांचं वेगळंच. हार घालून घेतले, चहा पिले आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, यांना कुणी सांगितलं नाही वाटतं, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःच्या गावाबद्दल एक शब्द बोलता येत नाही. मी आरशात बघितलं. ते हसत नव्हते. मीही कुणाला सांगितलं नाही. फुलांचा सडा अजून चौकात पडलेला, तेव्हा कोण सांगणार?

आता त्या दिवसाचं. इथं आम्ही ड्रायव्हर लोक पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर मोबाइल ठेवून सभागृहाचं कामकाज बघतो. कुणाचा साहेब किती बोलला यावर चहा लागतो. त्या दिवशी वसतिगृहाची लक्षवेधी सूचना यादीत अकराव्या नंबरला होती. सातव्या नंबरला गोंधळ झाला, सदस्य पुढं धावले, मोठे अध्यक्ष बैठकीला गेलेले. बाकीचे तालिकेवरचे कुणी जागेवर नाहीत. अण्णा खुर्चीत जाऊन बसले. बाजूच्या ड्रायव्हरनं मला कोपर मारलं, "तुझा मालक आता झोपी जातो बघ." अण्णांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि गप्प बसून राहिले. ओरडणाऱ्यांना ओरडू दिलं. कुणाचं नाव घेतलं नाही, घंटी वाजवली नाही. चार-पाच मिनिटांत सगळे आपोआप मागं सरकले. मग ज्यानं सगळ्यात कमी आरडाओरडा केला होता त्याला पहिल्यांदा बोलायला दिलं. कोपर मारणारा ड्रायव्हर मोबाइलवर वाकला. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, हा माणूस करतो काय ते.

आठ झाला, नऊ झाला, दहा झाला. मग अण्णांनी स्वतःच पुकारलं, क्रमांक अकरा. समोरच्या बाकावरून एक जण उठला आणि म्हणाला, माझी हरकत आहे, सूचना देणारे सदस्य स्वतःच पीठासनावर बसलेत, मग सूचना मांडणार कोण? अण्णांनी खालच्या सचिवाकडं बघितलं. सचिवानं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि मान हलवली. अण्णांनी चष्मा घातला आणि म्हणाले, "हरकत योग्य आहे. सूचना मांडली गेली नाही. पुढचा क्रमांक."

एवढंच. सतरा लेकरं त्या एका वाक्यात गेली. मी तिथूनच तुला फोन लावला. अण्णानं आपला घात केला, खुर्चीसाठी आपल्या लेकरांना विकलं, असं मी तुला म्हणालो. तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी वडगावच्या स्टँडवरचा अण्णांचा बोर्ड पोरांनी फाडला, त्याचा फोटो मला कुणीतरी पाठवला. आणि त्याच संध्याकाळी वहिनी आरोहीला घेऊन निघाली.

भारत, आता इथून पुढचं लिहायला मला अख्खी रात्र लागली.

अण्णांना हे सगळं आधीच माहीत होतं. आपण खुर्चीत असू आणि नेमका नंबर येईल, हे त्यांनी दोन आठवडे आधी धरून ठेवलं होतं. म्हणून सूचनेवर दोन सदस्यांच्या सह्या पाहिजेत असं ते म्हणाले. एक अडकला तर दुसरा उभा राहील. त्यांचा पीए बहिणीच्या लग्नाला गेलेला, म्हणून कागद माझ्याकडं दिला. म्हणाले, आमदार निवासात जा, सही घे आणि विधानभवनाच्या कार्यालयात जमा कर. सही कुणाची? बंकटरावांची. कारण शेजारचा मतदारसंघ, त्यांच्याकडचीही लेकरं तीच, आणि ते रोज सभागृहात शेवटपर्यंत बसून असतात.

बंकटराव. ज्याच्या पोरांनी पंचायत समितीच्या निवडणुकीच्या वेळी तुला भर चौकात कान धरून माफी मागायला लावली. नारायणगडावर आपण दोघांनी हात वर करून शपथ घेतली होती, या माणसाची पायरी चढायची नाही. मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत त्यांची माणसं हसत होती. एकानं विचारलं, काय काम हाय? मी म्हणालो, काही न्हाई, चुकून आलो. आपल्या लेकरांच्या कागदावर त्याचं नाव कावून पाहिजे, असं मला वाटलं. अण्णांची एकट्याची सही असलेला कागद मी तसाच जमा केला. याच्यात तुझा काही दोष नाही. शपथ दोघांची होती, पण दारातून मागं फिरलो तो मी.

यादी छापून आली तेव्हा अण्णांनी सकाळी गाडीत विचारलं, "बंकटरावांची सही आहे ना? छापलेली दिसत नाही." मी म्हणालो, हाय, छापताना राहिलं असंल. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि बरं म्हणाले. म्हणून ते निवांत खुर्चीत बसले. आणि मोबाइलवर मी काय बघितलं ते तुला फोनवर सांगितलं नव्हतं. अकरा पुकारल्यावर अण्णांनी बंकटरावांकडं बघितलं. बंकटराव अर्धे उठले होते. एक हात बाकावर, दुसऱ्या हातात आदल्या दिवशी अण्णांनी पाठवून दिलेले माहितीचे कागद. ते बोलणार होते, भारत. आपल्या लेकरांसाठी ते उठले होते. सचिवानं मान हलवली आणि ते परत खाली बसले.

त्या दिवशी अण्णा गाडीत बसले. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारलं, "सही घेतली होतीस?" मी म्हणालो, न्हाई. ते म्हणाले, काच वर कर, वारं लागतंय. बस. बाहेर पत्रकारांना त्यांनी सांगितलं, चूक माझ्या कार्यालयाची. बोर्ड फाडल्याचा फोटो मीच त्यांना दाखवला, तेव्हा माझं नाव घेऊन एक फोन केला असता तर सगळा रोख माझ्यावर आला असता. केला नाही. मला त्याचाच जास्त राग आला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

काल अधिवेशन संपलं. विषय पुन्हा मांडायचा तर थेट मार्चमध्ये, तोवर तुम्ही परत आलेले असाल आणि आरोहीचं वर्ष गेलेलं असंल. मी अण्णांना म्हणालो, मला टोळ्या परत येईपर्यंत सुट्टी द्या, मी गावाकडं जातो. माझ्या आईला आता डोळ्यांनी धड दिसत नाही, तिच्या एकटीवर कुणी लेकरू टाकणार नाही. पण मी घरी असलो तर ती बसल्या जागी भाकरी सांगंल तशी मी करीन. हॉटेलात केल्यात मी भाकरी. शाळेत नेणं-आणणं मी करीन. सतरा न्हाई जमणार, पण पहिली आरोही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी ज्याची पोर आहे त्याला खरं सांग. मग माग. उलटं केलंस तर तेही खोटंच होईल." म्हणून हे पत्र. फोनवर तू बोलला असतास तर मी पुन्हा अण्णांवरच ढकललं असतं, मला माझी सवय माहीत आहे. आता सांगून झालं, आता मागतो. आरोहीला माझ्याकडं पाठव. माझ्या शब्दावर एकदा तू बायको घरी ठेवलीस आणि मी तुला तोंडघशी पाडलं, तरी मागतोय. वहिनीला हे वाचून दाखव, तिचं काय म्हणणं पडतं ते ऐक. मी येत्या शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहीन, दुपारच्या गाडीपर्यंत थांबीन. तू आला नाहीस तर मी काही विचारणार नाही, तसाच परत जाईन. आलास तर एकटा येऊ नको.

तुझाच,
अंगद